वार्धक्यजन्य पीतबिंदू ऱ्हासाचे प्रतिमानिदान

वार्धक्यजन्य पीतबिंदू ऱ्हासाचे प्रतिमानिदान म्हणजे डोळ्याच्या मागील पडद्याची छायाचित्रे आणि स्तरचित्रे घेऊन पीतबिंदूचा वयपरत्वे होणारा ऱ्हास ओळखणे व त्याची अवस्था निश्चित करणे होय. एज-रिलेटेड मॅक्युलर डिजनरेशन या मूळ इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हा विकार एएमडी या नावानेही ओळखला जातो. सामान्यतः पन्नाशीनंतर उद्भवणाऱ्या या विकाराच्या प्रारंभी रुग्णाला सहसा कोणताही त्रास जाणवत नाही. त्यामुळे तो वेळेवर ओळखण्यात प्रतिमांचे स्थान मोठे आहे. मात्र सर्व प्रतिमा सारखीच माहिती देत नाहीत. साध्या रंगीत छायाचित्रावरून विकार ओळखता येतो आणि त्याची अवस्थाही बऱ्याच अंशी ठरवता येते. परंतु तातडीने उपचार हवे आहेत की नाहीत, हे ठरवण्यासाठी बहुधा पडद्याचे स्तरचित्र लागते. परभणीसारख्या प्रामुख्याने ग्रामीण असलेल्या जिल्ह्यात या फरकाला विशेष महत्त्व आहे. परभणीलगतच्या नांदेड येथे तयार झालेले आयडीआरआयडी आणि आरएफएमआयडी हे नेत्रप्रतिमासंच दृष्टिपटलाच्या विकारांवरील संगणकीय संशोधनात जगभर वापरले जातात.

## पीतबिंदू व त्याचा ऱ्हास

डोळ्याच्या आतील मागच्या बाजूस प्रकाशसंवेदी पेशींचा जो पातळ पडदा असतो, त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्याच्या मध्यभागी सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाचा पिवळसर भाग असतो; तो पीतबिंदू होय. ल्युटिन व झियाझँथिन या रंगद्रव्यांमुळे त्याला हा रंग येतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरे ओळखणे, तांदूळ निवडणे अशा सर्व बारीक कामांसाठी लागणारी दृष्टी पीतबिंदूवर, विशेषतः त्याच्या केंद्रस्थानी असलेल्या फोव्हिया या खळग्यावर अवलंबून असते.

प्रकाशसंवेदी पेशींच्या मागे रंजकपेशींचा एकपदरी थर असतो. तो या पेशींचे पोषण करतो आणि त्यांतून सतत बाहेर पडणारा टाकाऊ भाग पचवतो. वय वाढते तसे हे कार्य मंदावते आणि रंजकपेशींच्या थराखाली मेद व प्रथिनांचे साठे जमू लागतात. या पिवळसर साठ्यांना ड्रुसेन म्हणतात. ड्रुसेन ही या विकाराची पहिली दृश्य खूण असली, तरी अगदी लहान आकाराचे मोजके ड्रुसेन वृद्धापकाळी निरोगी डोळ्यांतही आढळतात. वाढते वय, धूम्रपान आणि आनुवंशिकता हे या विकाराचे प्रमुख जोखीम घटक आहेत.

पुढे वाढलेल्या विकाराचे दोन प्रकार होतात. कोरड्या प्रकारात रंजकपेशी व त्यांच्यावरील प्रकाशसंवेदी पेशी हळूहळू नष्ट होतात आणि पीतबिंदूवर नकाशातील बेटांसारखे ओसाड ठिपके पडतात. याला जिऑग्राफिक ॲट्रॉफी म्हणतात. ओल्या प्रकारात दृष्टिपटलाखाली किंवा दृष्टिपटलात नाजूक, असामान्य रक्तवाहिन्या वाढतात. त्यांतून द्रव व रक्त झिरपते आणि शेवटी व्रण तयार होतो. कोरडा प्रकार दृष्टी हिरावून घेण्यास बहुधा अनेक वर्षे घेतो. ओल्या प्रकारात मात्र काही आठवड्यांत वा महिन्यांत मध्यवर्ती दृष्टी जाऊ शकते. व्रण झाल्यानंतर गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. हा विकार केवळ मध्यवर्ती दृष्टी नष्ट करतो. कडेची दृष्टी शाबूत राहत असल्याने रुग्ण घरात वावरू शकतो, पण समोरच्या माणसाचा चेहरा त्याला दिसत नाही.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार २०२० साली या विकाराचे सर्व अवस्थांतील मिळून सुमारे १९.६ कोटी रुग्ण असतील आणि २०४० पर्यंत ही संख्या २८.८ कोटींवर जाईल, असे मांडले गेले होते.

## प्रतिमातंत्रे

### फंडस छायाचित्रण

जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये ऑप्थॅल्मोस्कोपचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जिवंत माणसाचे दृष्टिपटल प्रत्यक्ष पाहणे शक्य झाले. फंडस कॅमेरा हे त्याचेच छायाचित्रण करणारे रूप आहे. बाहुलीतून प्रकाश आत सोडून दृष्टिपटलाच्या साधारण ३० ते ५० अंशांच्या क्षेत्राचे रंगीत छायाचित्र घेतले जाते. त्यात ड्रुसेन पिवळसर ठिपक्यांसारखे, रक्तस्राव लाल डागांसारखा आणि रंजकपेशींतील बदल काळपट किंवा फिकट ठिपक्यांसारखे दिसतात. हे तंत्र वेदनारहित, जलद आणि तुलनेने स्वस्त आहे. छायाचित्र सपाट असल्यामुळे दृष्टिपटलाच्या थरांत साचलेला थोडासा द्रव मात्र त्यात निसटू शकतो.

### ओसीटी

ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी म्हणजेच ओसीटी या तंत्राचे वर्णन १९९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीशी निगडित संशोधकांनी प्रथम प्रसिद्ध केले. या शोधासाठी जेम्स फुजिमोटो, डेव्हिड हुआंग व एरिक स्वॉन्सन यांना २०२३ चा लास्कर पुरस्कार देण्यात आला. सोनोग्राफीत ध्वनिलहरींचा जसा उपयोग होतो, तसा येथे अवरक्तालगतच्या प्रकाशाचा होतो. वेगवेगळ्या खोलीवरून परतणाऱ्या प्रकाशाची संदर्भकिरणाशी तुलना करून दृष्टिपटलाचा उभा छेद दाखवणारे चित्र तयार केले जाते. आजच्या यंत्रांत खोलीच्या दिशेने सुमारे ५ ते ७ मायक्रोमीटर अंतरावरील रचना वेगळ्या दिसतात. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. थरांमधील द्रव ओसीटीत काळ्या पोकळीसारखा दिसतो. ओल्या प्रकाराची सक्रियता ठरवण्यासाठी आणि इंजेक्शनचा परिणाम पाहण्यासाठी हीच तपासणी नेहमी वापरली जाते.

### अँजिओग्राफी व इतर तंत्रे

हातातील शिरेत फ्लुरोसिन हे रंगद्रव्य टोचून दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांची छायाचित्रे घेण्याची पद्धत हॅरोल्ड नोव्होटनी व डेव्हिड ॲल्विस यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. गळणाऱ्या रक्तवाहिन्या तीत उजळ दिसतात. इंडोसायनिन ग्रीन हे दुसरे रंगद्रव्य दृष्टिपटलाच्या मागील रक्तवाहिन्यांचा थर अधिक स्पष्ट दाखवते. पॉलिपॉइडल कोरॉइडल व्हॅस्क्युलोपथी हा रक्तवाहिन्यांना गाठी येणारा प्रकार आशियाई लोकांत युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा अधिक आढळतो; त्याच्या निदानासाठी हे रंगद्रव्य उपयुक्त ठरते.

ऑटोफ्लुरोसन्स या तंत्रात रंगद्रव्य टोचावे लागत नाही. रंजकपेशींत साठलेले लिपोफ्युसिन विशिष्ट प्रकाशात स्वतःच चमकते. पेशी नष्ट झालेला भाग त्यामुळे काळा दिसतो आणि जिऑग्राफिक ॲट्रॉफीचे क्षेत्रफळ मोजता येते. ओसीटी अँजिओग्राफीत एकाच जागेची अनेक स्तरचित्रे लागोपाठ घेऊन त्यांत बदलणारा भाग, म्हणजे वाहणारे रक्त, वेगळा काढला जातो. त्यामुळे सुईशिवाय रक्तवाहिन्यांचे जाळे पाहता येते, पण त्यांतून होणारी गळती दिसत नाही.

## वर्गीकरण

### बेकमन वर्गीकरण

२०१३ मध्ये तज्ज्ञांच्या एकमताने प्रसिद्ध झालेले बेकमन वर्गीकरण आज मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. फोव्हियापासून दृष्टिचकतीच्या दोन व्यासांइतक्या अंतरात दिसणारे बदल त्यासाठी विचारात घेतले जातात.

* वयानुरूप बदल नाहीत: ड्रुसेन नाहीत आणि रंजकपेशींत बदल नाहीत.
* सामान्य वयानुरूप बदल: केवळ ६३ मायक्रोमीटरपेक्षा लहान ड्रुसेन.
* प्रारंभिक अवस्था: ६३ ते १२५ मायक्रोमीटरमधील मध्यम ड्रुसेन, रंजकपेशींत बदल नाहीत.
* मध्यम अवस्था: १२५ मायक्रोमीटर किंवा त्याहून मोठे ड्रुसेन, अथवा रंजकपेशींत बदल.
* प्रगत अवस्था: ओला प्रकार किंवा जिऑग्राफिक ॲट्रॉफी.

दृष्टिचकतीच्या कडेवरून जाणाऱ्या मोठ्या शिरेची जाडी साधारण १२५ मायक्रोमीटर असते. त्यामुळे शिरेपेक्षा रुंद दिसणारा ड्रुसेन मोठा, असा सोपा अंदाज मोजपट्टीशिवायही करता येतो.

### जोखमीचे गुण

अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने १९९२ मध्ये सुरू केलेल्या एआरईडीएस या दीर्घकालीन अभ्यासातून एक सुलभ गुणपद्धती पुढे आली. प्रत्येक डोळ्यात मोठे ड्रुसेन असल्यास एक गुण आणि रंजकपेशींत बदल असल्यास एक गुण दिला जातो. दोन्ही डोळ्यांचे मिळून ० ते ४ गुण होतात. पुढील पाच वर्षांत विकार प्रगत अवस्थेत जाण्याची शक्यता शून्य गुणास सुमारे ०.५ टक्के, एक गुणास ३, दोन गुणांस १२, तीन गुणांस २५ आणि चार गुणांस ५० टक्के इतकी आढळली. रुग्णाला कोणतीही तक्रार नसतानाही केवळ छायाचित्रावरून त्याची जोखीम इतक्या स्पष्टपणे सांगता येते, हे या पद्धतीचे महत्त्व आहे.

त्याच अभ्यासात विशिष्ट जीवनसत्त्वे व जस्त यांच्या मोठ्या मात्रेमुळे मध्यम अवस्थेतील रुग्णांचा विकार प्रगत होण्याची शक्यता पाच वर्षांत सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्याचे २००१ मध्ये जाहीर झाले. प्रारंभिक अवस्थेत तसा लाभ दिसला नाही. म्हणजे ड्रुसेन मध्यम आहे की मोठा, या मोजमापावर गोळ्या द्याव्यात की नाही हे अवलंबून असते.

### प्रगत अवस्थेचे उपप्रकार

ओल्या प्रकारातील नव्या रक्तवाहिन्यांचे ओसीटीच्या आधारे तीन प्रकार केले जातात: रंजकपेशींच्या थराखाली वाढणाऱ्या, त्या थराच्या वर येऊन दृष्टिपटलाखाली पसरणाऱ्या आणि प्रत्यक्ष दृष्टिपटलातच उगम पावणाऱ्या. तीनही प्रकारांत डोळ्यात दिल्या जाणाऱ्या व्हीईजीएफ-विरोधी औषधांचा उपचार मुख्य आहे. रॅनिबिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली. मूळतः कर्करोगासाठी असलेले बेव्हॅसिझुमॅब हे औषध स्वस्त पर्याय म्हणून वापरले जाते, आणि दृष्टी टिकवण्यात ते रॅनिबिझुमॅबच्या तोडीचे असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत दिसले. उपचाराची सुरुवात बहुधा दरमहा एक याप्रमाणे तीन इंजेक्शनांनी होते. पुढील वेळापत्रक ओसीटीत द्रव दिसतो की नाही यावर ठरते.

## भारतातील व महाराष्ट्रातील पाहण्या

हरियाणा व पुदुच्चेरी या भागांत ६० वर्षांवरील लोकांच्या फंडस छायाचित्रांवर आधारित इंडआय अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रगत अवस्थेचे प्रमाण १.२ टक्के आढळले. महाराष्ट्रात नागपूर येथील सूरज आय इन्स्टिट्यूटने २००६ ते २००८ या काळात नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरील आठ गावांत सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी ही पाहणी केली. ३० वर्षांवरील ५,८८५ पात्र ग्रामस्थांपैकी ४,७११ जणांनी, म्हणजे सुमारे ८० टक्क्यांनी, तीत भाग घेतला. त्यांच्या छायाचित्रांवरून पीतबिंदू ऱ्हासाचे प्रमाणही काढण्यात आले. ग्रामीण महाराष्ट्रातील लोकसंख्येवर आधारलेली या विषयातील ही एक महत्त्वाची पाहणी आहे.

## नांदेड येथील प्रतिमासंच

नांदेड येथील श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेतील मनेश कोकरे, प्रसन्ना पोरवाल, समीक्षा पाचडे आदी संशोधकांनी स्थानिक नेत्रतज्ज्ञ व परदेशी सहकाऱ्यांसह दोन खुले प्रतिमासंच तयार केले.

पहिला, आयडीआरआयडी, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नांदेडच्या एका नेत्रचिकित्सालयात घेतलेली ५१६ फंडस छायाचित्रे आहेत. तो मधुमेही दृष्टिपटल विकारासाठी असून प्रत्येक छायाचित्राला विकाराची श्रेणी दिलेली आहे. ८१ छायाचित्रांत तर प्रत्येक विकृतीची सीमारेषाही आखलेली आहे.

दुसरा, आरएफएमआयडी, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी घेतलेली ३,२०० छायाचित्रे असून त्यांत ४६ प्रकारच्या नेत्रस्थितींची नोंद आहे. दोन ज्येष्ठ दृष्टिपटलतज्ज्ञांच्या सहमतीने ही नोंद करण्यात आली. १,९२० छायाचित्रे संगणकाला शिकवण्यासाठी, ६४० पडताळणीसाठी आणि ६४० अंतिम चाचणीसाठी अशी त्यांची विभागणी आहे. वार्धक्यजन्य पीतबिंदू ऱ्हास आणि ड्रुसेन ही त्यांतील दोन स्वतंत्र शीर्षके आहेत. मोतीबिंदू वा अन्य कारणाने प्रतिमा धूसर होण्यालाही वेगळे शीर्षक आहे.

या दोन संचांतील फरक वर्गीकरणाच्या दृष्टीने बोलका आहे. आयडीआरआयडीत विकार किती वाढला आहे हे नोंदलेले आहे. आरएफएमआयडीत प्रत्येक स्थिती आहे किंवा नाही एवढेच नोंदलेले आहे. त्यामुळे आरएफएमआयडीवर शिकलेली प्रणाली पीतबिंदू ऱ्हासाचे अस्तित्व ओळखू शकते, परंतु तो बेकमन वर्गीकरणातील कोणत्या अवस्थेत आहे हे त्या नोंदींतून शिकू शकत नाही. अवस्थांच्या नोंदी असलेल्या एआरईडीएसच्या विशाल संग्रहातील सहभागी मात्र बहुतांश गौरवर्णीय अमेरिकन होते. भारतीयांच्या दृष्टिपटलामागील थर अधिक गडद असतात. त्यामुळे एका लोकसमूहावर शिकवलेली प्रणाली दुसऱ्यावर वापरण्यापूर्वी स्वतंत्रपणे पडताळावी लागते.

## संगणकीय वर्गीकरण

सखोल शिक्षण या पद्धतीत संगणकाला हजारो नोंद केलेल्या प्रतिमा दाखवल्या जातात आणि तो त्यांतील भेद स्वतः शोधतो. २०१८ मध्ये डीपमाइंड व लंडनचे मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालय यांनी ओसीटीवर आधारित प्रणाली प्रसिद्ध केली. ती आधी स्तरचित्रातील द्रव, ड्रुसेन आदी भाग वेगळे आखते आणि मग रुग्णाला तातडीने, लवकर, सवडीने पाठवावे की केवळ निरीक्षणाखाली ठेवावे, हे सुचवते. नुसत्या रोगनावाऐवजी पुढील कृती सांगणे हे तिचे वैशिष्ट्य होते.

महाराष्ट्रात मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत स्मार्टफोनवरील फंडस कॅमेरा व इंटरनेटशिवाय चालणारी प्रणाली वापरून मधुमेही दृष्टिपटल विकाराची तपासणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अशी साधने गावपातळीवर नेणे शक्य आहे, हे या प्रयोगातून दिसले. मात्र मधुमेही विकारासाठी सिद्ध झालेली अचूकता पीतबिंदू ऱ्हासाला आपोआप लागू होत नाही.

तपासणीच्या अचूकतेचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होतो. साठीपुढील १,००० लोकांत प्रगत अवस्थेचे १.२ टक्के, म्हणजे १२ रुग्ण आहेत आणि प्रणाली ९० टक्के रुग्णांना रुग्ण व ९० टक्के निरोग्यांना निरोगी ठरवते, असे मानू. ती १२ पैकी साधारण ११ रुग्ण पकडेल. त्याच वेळी उरलेल्या ९८८ पैकी सुमारे ९९ जणांनाही संशयित ठरवेल. म्हणजे पुढील तपासणीला पाठवलेल्या ११० लोकांत खरे रुग्ण ११ असतील. या ११ जणांना बाकीच्यांतून लवकर वेगळे काढण्यासाठी ओसीटी व नेत्रतज्ज्ञ लागतात. ती सोय हाताशी नसेल, तर छायाचित्रातील निष्कर्ष अचूक असूनही रुग्णाची दृष्टी वाचत नाही.

## परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

२०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, पालम, सेलू, जिंतूर व पूर्णा हे जिल्ह्याचे नऊ तालुके आहेत. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गामुळे परभणी शहर नांदेड, जालना व छत्रपती संभाजीनगर यांच्याशी जोडलेले आहे. जिंतूर व पाथरी ही तालुक्याची गावे मात्र या मार्गावर नाहीत. दरमहा इंजेक्शन घ्यावे लागणाऱ्या वृद्धाला सोबत कुणीतरी लागते, आणि शेतीच्या हंगामात घरातील एका माणसाची दिवसभराची मजुरी बुडते. त्यामुळे उपचार अर्धवट सुटण्याचा धोका असतो.

ग्रामीण भागातील नेत्रतपासणी शिबिरांचा भर प्रामुख्याने मोतीबिंदूवर असतो. त्यामागे सबळ कारण आहे: २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील लोकांतील अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आणि त्यातील मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के आढळला. परंतु मोतीबिंदू भिंगात असतो आणि पीतबिंदू ऱ्हास पडद्यावर. वयोवृद्ध व्यक्तीत दोन्ही एकाच वेळी असू शकतात. अशा वेळी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही अक्षरे वाचता येत नाहीत. शिवाय दाट मोतीबिंदूमागील पडद्याचे स्पष्ट छायाचित्रही मिळत नाही. म्हणून शक्य असेल तेथे शस्त्रक्रियेपूर्वी, आणि पडदा दिसत नसल्यास शस्त्रक्रियेनंतर, पीतबिंदूची तपासणी करणे उपयुक्त ठरते.

यंत्र उपलब्ध नसतानाही एक प्राथमिक खूण तपासता येते. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क ॲम्सलर यांच्या नावाने ओळखली जाणारी चौकटींची जाळी एकेका डोळ्याने पाहिली असता ओल्या प्रकारात सरळ रेषा वाकड्या दिसतात किंवा मध्ये डाग दिसतो. दाराची चौकट, विजेचा खांब किंवा चौकटीच्या वहीतील रेषा पाहूनही हा बदल लक्षात येऊ शकतो. दुसरा डोळा झाकणे आवश्यक असते, कारण दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा बिघडलेल्या डोळ्याची उणीव झाकतो. नेत्रचिकित्सा अधिकारी व आशा स्वयंसेविका यांना ही चाचणी सहज शिकवता येते. ती प्रतिमानिदानाची जागा घेत नाही. रेषा अचानक वाकड्या दिसू लागल्यास काही दिवसांतच ओसीटी करून घेणे आवश्यक असते.

## मर्यादा

वृद्धांच्या बाहुल्या लहान असतात; थेंब टाकून त्या मोठ्या न केल्यास छायाचित्रे अनेकदा धूसर येतात. अशा प्रतिमा निरोगी समजल्या गेल्यास रुग्ण निसटतो. म्हणून न वाचता येणारी प्रतिमा ही स्वतंत्र श्रेणी मानून त्या व्यक्तीची पुन्हा तपासणी करणे इष्ट ठरते. ड्रुसेनसारखे दिसणारे ठिपके मधुमेहात व काही आनुवंशिक विकारांतही आढळतात. जिऑग्राफिक ॲट्रॉफीची वाढ मंद करणारी पेगसेटाकोप्लान व ॲव्हासिनकॅप्टॅड पेगॉल ही औषधे अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाली, परंतु ती गेलेली दृष्टी परत आणत नाहीत. त्यामुळे कोरड्या प्रकारात प्रतिमांचा मुख्य उपयोग वाढीवर लक्ष ठेवणे आणि ओल्या प्रकाराची सुरुवात वेळेत पकडणे हाच आहे.

## हे सुद्धा पहा

* दृष्टिपटल
* मोतीबिंदू
* काचबिंदू
* मधुमेह
* परभणी जिल्हा